बंद पडलेली गाडी दोराने ओढून नेणे: काय करावे, काय टाळावे, आणि ती वेळच येऊ नये म्हणून

दोरखंड
गाडी रस्त्यात बंद पडली की पहिली सूचना येते, "दोर बांधा आणि न्या ओढत." गाडीच्या माहितीपुस्तिकेत टोइंगवर दोन-तीन पानं असतात, पण ती उघडली जातात ती गाडी बंद पडल्यावरच. म्हणून आधीच बोलून ठेवू.

तीन गोष्टींवर माहितगारांची मतं हवी आहेत. दोर, पट्टा की लोखंडी दांडा? ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये टाकून थोडं अंतर ओढली तर खरंच बिघडते का? आणि मागच्या, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणाऱ्याने नेमकं काय करायचं?

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत ठाम आहे: दोघांपैकी जास्त सरावाचा चालक मागच्या गाडीत हवा. सगळे नेमकं उलटं करतात. पटत नसेल तर जरूर खोडून काढा.

पाना_सतरा
बांधायचं कशाला, तिथून सुरुवात करतो.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांना कायमचा हुक नसतो. डिकीत स्टेपनीजवळ, जॅक आणि पान्याबरोबर एक लोखंडी कडी मिळते. पुढच्या बंपरवर छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं. त्याची एक कड दाबली की दुसरी वर येते. स्क्रू-ड्रायव्हर वापरणार असाल तर टोकाला कापड गुंडाळा. आत आटे दिसतात, त्यात कडी फिरवायची. काही गाड्यांमध्ये हे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर घट्ट होतात. उजवीकडे जाईना म्हणून जोर लावला तर आटे कायमचे जातात.

हाताने फिरवून थांबू नका. चाकाच्या पान्याचा दांडा कडीत घालून, कडीची गादी, म्हणजे आट्यांमागची रुंद कड, पूर्ण टेकेपर्यंत आवळा. अर्धवट बसलेली कडी पहिल्याच हिसक्याला वाकते आणि आतले आटे घेऊनच बाहेर येते.

बंपर, लोअर आर्म, स्टिअरिंगचा टाय रॉड, स्टॅबिलायझर बार यांना दोर बांधायचा नाही. टाय रॉड किंचित वाकला तरी अलाइनमेंट गेलं. आणि ही कडी सरळ ओढीसाठी असते. खड्ड्यातून किंवा चिखलातून तिरकं खेचण्यासाठी ती नव्हे.

जुनी गाडी घेताना कडी जागेवर आहे का ते आवर्जून बघा. बऱ्याच गाड्यांतून ती गायब असते, आणि दुसऱ्या गाडीची आट्यांत बसेलच असं नाही.

नवखी
वाचतेय. कडीचं झाकण आजवर सेन्सरचं वाटत होतं :)

चौथा_गिअर
दोर की पट्टा:

नायलॉन ताणलं जातं आणि हिसका पोटात घेतं, म्हणून टोइंगसाठी ते बरं. पॉलिएस्टर कमी ताणतं. लोखंडी तार किंवा साखळी अजिबात ताणत नाही, सगळा हिसका थेट कडीवर येतो, आणि तार तुटली तर तिचं टोक काच फोडून आत येऊ शकतं. दोराची तुटण्याची क्षमता ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या वजनाच्या किमान दुप्पट हवी. दीड टनाची गाडी असेल तर तीन टनांच्या खालचा पट्टा घेऊ नका.

गाठ मारू नका. गाठीपाशी दोराची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि एकदा ताण बसला की गाठ सुटतही नाही. दोन्ही टोकांना शिवलेला फास असलेला पट्टा आणि पिन आट्यांनी बसणारे शॅकल (इंग्रजी यू आकाराचे लोखंडी आकडे), एवढं पुरतं. उघड्या तोंडाचा हुक सैल पडल्यावर निसटतो.

लांबी चार ते पाच मीटर. त्याहून कमी असेल तर ब्रेकला वेळ मिळत नाही. जास्त असेल तर वळणावर पट्टा आतल्या बाजूला घासतो आणि मधून कुणी दुचाकीस्वार घुसतो. पट्ट्याच्या मध्यावर लाल फडकं बांधा.

मऊ_क्लच
मी दांड्याच्या बाजूने. दांड्यात झोल नसतो, त्यामुळे हिसकाही नाही आणि मागची गाडी पुढच्यावर आपटायची भीतीही नाही. दोरात दोन कुशल चालक लागतात, दांड्यात एक कुशल आणि एक शांत चालक पुरतो.

चौथा_गिअर
@मऊ_क्लच, मान्य. पण दांडा डिकीत घेऊन फिरतं कोण? शिवाय दोन्ही गाड्यांच्या कड्या एका रेषेत नसतील तर दांड्याचा बाजूला रेटा बसतो, आणि पाना_सतरा यांनी लिहिलंच आहे की कडी तिरक्या ताणासाठी नसते. दांडा असला की ब्रेक नसलेली गाडीही ओढता येते असा समज आहे, तोही धोक्याचा. ब्रेक गेलेली गाडी फक्त फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या सपाट ट्रकवर.

तेलपाणी
ऑटोमॅटिकबद्दल. "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा येतात, त्यामुळे एकच उत्तर नाही.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारी): काही कंपन्या ५० किमी ताशी वेगाने जास्तीत जास्त ५० किमीपर्यंत परवानगी देतात, काही अजिबात नाही. पुस्तिकेत असेल ते अंतिम.

सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेली): इंजिनाची ताकद जाणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. आतला पट्टा आणि पुली तेलाच्या दाबावर चालतात. दाब नसताना पट्टा पुलीवर घसरून ओरखडे पडले तर गिअरबॉक्स उघडण्याशिवाय मार्ग नाही.

ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने चालणारी): मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तिका बघा.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल): आतून हा साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मोटरने किंवा हायड्रॉलिकने हलतात. न्यूट्रलमध्ये असेल तर ओढायला हरकत नसते. पण बॅटरी मेली आणि गाडी गिअरमध्येच अडकली तर न्यूट्रल मिळतच नाही.

नवखी
पण न्यूट्रल म्हणजे गिअरबॉक्स मोकळाच ना? मग बिघडतं काय?

तेलपाणी
@नवखी, न्यूट्रलमध्ये *इंजिन* सुटतं, चाकं सुटत नाहीत. चाक फिरलं की ॲक्सल फिरतो, डिफरन्शियल फिरतं आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्टही फिरतो. आता या सगळ्याला तेल पुरवणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. म्हणजे आतले बुश आणि गिअर कोरडे फिरतात आणि तापतात. वेग वाढला की उष्णता वाढते, अंतर वाढलं की ती साठत जाते. म्हणूनच परवानगी देणारे वेग आणि अंतर दोन्हीची मर्यादा घालतात.

मॅन्युअलमध्ये गिअर तेलात बुडालेले असतात आणि फिरताना तेल उडवून स्वतःलाच माखतात. पंपाची गरज नाही, म्हणून ती गाडी न्यूट्रलमध्ये सुखाने ओढता येते.

नवखी
आता कळलं. हे इतक्या सरळ कुठे वाचलं नव्हतं.

विजेरी
इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचं वेगळं. बहुतेकांत कायमचुंबकाची मोटर चाकांना थेट जोडलेली असते. चाकं फिरली की ती जनित्रासारखी वीज तयार करते, आणि ही वीज कुठे जावी यावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा तेव्हा बंद असू शकते. त्यामुळे फ्लॅटबेडच. मेनूमधला "ट्रान्स्पोर्ट" किंवा "टो" मोड गाडी विंचने (तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) फ्लॅटबेडवर चढवण्यापुरता असतो, रस्त्यावर ओढण्यासाठी नाही.

आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली तर पार्कमधून गाडी निघत नाही. आधी ती जागी करा. बऱ्याचदा टोइंगची गरजच उरत नाही.

चारही_चाकं
चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर क्रेनने पुढची दोन उचलून मागची जमिनीवर फिरवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला पुढच्या-मागच्या वेगातला फरक सतत सोसावा लागतो आणि ते जळतं. चारही वर हवीत. मागच्या चाकांखाली डॉली (चाकांची छोटी गाडी) लावली तरी चालेल.

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचला, हँडब्रेक सोडायला विसरू नका. मागच्या चाकांवर चालणारी मागून, पण मग पुढची चाकं सरळ धरून ठेवायची सोय लागते. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर ते करू नये.

पाना_सतरा
ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी मेल्यावर लिव्हर पार्कमधून हलत नसेल तर लिव्हरच्या बाजूला छोटं झाकण बघा. त्याखालच्या खाचेत किल्ली किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबून धरा, ब्रेक दाबा, लिव्हर न्यूट्रलला आणा. नुसत्या बटणाने किंवा चकतीने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत ही सोय सहसा नसते. आणि हे करण्याआधी चाकाला दगड लावा! पार्क सुटल्या क्षणी गाडी उताराकडे निघते.

उतारू
एक मतभेद. ओढल्या जाणाऱ्या गाडीत किल्ली पूर्ण ऑन ठेवा असं सगळीकडे लिहितात. त्याने बॅटरी उतरते. पहिल्या खटक्यावर ठेवली तरी स्टिअरिंग सुटतं, मग पुढे कशाला?

मंदगती
@उतारू, स्टिअरिंग सुटतं, पण बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर आणि वायपर ऑनवरच चालतात. समोरून धडक बसली तर एअरबॅगलाही इग्निशन ऑन लागतं. टोइंग अर्ध्या तासाचं असेल तर तेवढ्याने चांगली बॅटरी उतरत नाही. पंखा, रेडिओ, हेडलाइट बंद ठेवा.

बटण-स्टार्ट गाड्यांत स्टिअरिंगचा लॉक विजेवर असू शकतो. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर तो उघडतच नाही. अशा वेळी जंपर केबल लावा, नाहीतर फ्लॅटबेड बोलवा. आणि ओढताना किल्ली कुठल्याही कारणाने मागे फिरवायची नाही. लॉक बसला की पुढचं वळण घेताच येणार नाही.

आता दोरखंड यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण खरी मेख तिथेच आहे.

निघण्याआधी दोन्ही चालकांनी खुणा ठरवाव्यात. मागून लांब हॉर्न म्हणजे "लगेच थांब". फोन स्पीकरवर चालू असेल तर उत्तम. चारही इंडिकेटर चालू असताना वळणाचा इशारा बहुतेक गाड्यांत दिसत नाही, म्हणून कोणत्या वळणावर वळायचं ते आधीच बोलून घ्या.

पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, पावलाच्या वेगाने पट्टा ताठ होईपर्यंत सरकायचं आणि मगच वेग द्यायचा. गिअर बदलताना थांबत-थांबत बदलू नका, त्या क्षणी मागची गाडी पुढे येते आणि पट्टा सैल पडतो. वेग २५-३० किमी ताशीच्या वर नको. थांबायचं असेल तर नेहमीपेक्षा खूप आधी ब्रेकला पाय लावा, म्हणजे दिवा लागून मागच्याला कळेल.

मागच्याचं काम एकच: पट्टा कायम ताठ ठेवणं. पुढच्याचा ब्रेकदिवा लागला की त्याच्याआधी आपण हलका ब्रेक घ्यायचा. दोन्ही गाड्या थांबवणारा खरा ब्रेक मागच्या गाडीचा असतो. पट्टा सैल पडून जमिनीला टेकला तर तो आपल्याच गाडीच्या पुढच्या चाकाखाली जाऊ शकतो, आणि मग जो हिसका बसतो त्यात कडी तुटते. सैल पडलाच तर ब्रेक अलगद धरा, पुढचा सावकाश ताण घेईपर्यंत. एकदम सोडू नका, एकदम दाबूही नका. वळणावर पुढच्याच्या रेषेपेक्षा किंचित बाहेरून जा, नाहीतर पट्टा तुम्हाला आतल्या कडेवर ओढतो.

पट्ट्यावर ताण असताना दोन्ही गाड्यांच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही. लहान मुलं आणि इतर प्रवासी मागच्या गाडीत बसवू नका. शक्य तोवर ओढणारी गाडी वजनाला जड हवी.

उतारू
एअरबॅगचा मुद्दा लक्षात आला नव्हता, ऑनच बरोबर.

माझ्याकडून ब्रेकबद्दल भर. इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडलला जोर देणाऱ्या डब्यात) दोन-तीन दाबांपुरतीच निर्वात पोकळी शिल्लक असते. त्यानंतर पेडल अतिशय कडक होतं. ब्रेक लागतो, पण कित्येक पट जोर लावावा लागतो. हे उभ्या गाडीत अनुभवून ठेवा: इंजिन बंद करा, पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पूर्ण जोराने दाबून बघा. तसंच दाबून धरून इंजिन सुरू केलं की पेडल किंचित खाली जातं. गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी तपासायला हवी.

स्टिअरिंगही जड होतं. आसन पुढे घ्या, दोन्ही हात चाकावर. लांब उतार असेल तर दोराने ओढण्याचा विचारच सोडा.

मऊ_क्लच
+१. आणि दोराने ओढून गाडी "धक्का स्टार्ट" करू नका. इंजिन चालू झालं की मागची गाडी उसळते आणि पुढे पाच मीटरवर दुसरी गाडी उभी. शिवाय पेट्रोल गाडीत न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या सायलेन्सरच्या भागात) जाऊन जळतं आणि तो खराब होतो.

विजेरी
त्यापेक्षा जंपर केबल. क्रम: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या धनवर, मग चांगल्या बॅटरीच्या धनवर. काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणवर, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. चांगली गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना क्रम उलटा. बॅटरीचं कवच फुगलेलं, फुटलेलं किंवा आत गोठलेलं असेल तर केबल लावूच नका.

नवखी
बॅटरीच गेलीय की दुसरं काही, हे ओळखायचं कसं?

विजेरी
आवाजावरून बरंच कळतं. भराभर टक-टक-टक आणि दिवे मंद: बॅटरी किंवा सैल, खारलेलं टर्मिनल. एकच टक्क आणि दिवे प्रखर: स्टार्टर मोटर. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही: बॅटरी ठीक आहे, इंधन, ठिणगी किंवा किल्लीचा इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) बघा.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ म्हणजे लगेच चार्ज करा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास हवं. १२.५ वरच अडकलं असेल तर सहसा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) किंवा त्याचा पट्टा. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी तीही मरेल.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर.

तेलपाणी
गाडी ओढायची वेळ आणणारं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे तापणं. गाडी फक्त गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते? कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी, थर्मोस्टॅट (त्याचा प्रवाह उघडणारी झडप) अडकलेला, रेडिएटर तुंबलेला किंवा वॉटर पंप. काटा चढताना दिसला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि थांबायला जागा शोधा. लाल दिवा लागला तर इंजिन बंद. "पुढच्या वळणापर्यंत" म्हणत नेलेल्या गाडीचं सिलिंडर हेड वाकतं. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडू नका.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो. रंगावर जाऊ नका, पुस्तिकेतला प्रकार बघा.

चौथा_गिअर
थंडी नसेल तर साधं पाणी चालतं की. गोठण्याचा प्रश्नच नाही.

तेलपाणी
@चौथा_गिअर, गोठणं हा अर्धाच भाग. कूलंटमधली गंजरोधकं ॲल्युमिनियमचं हेड आणि पंपाचं पातं वाचवतात, आणि उत्कलनबिंदूही वर जातो. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अडचणीत पाणी घालून गाडी घरी आणा, पण नंतर पूर्ण निचरा करून योग्य मिश्रण भरा. आणि पातळी का उतरली ते शोधा. बंद यंत्रणा आहे, कूलंट आपोआप संपत नाही.

चारही_चाकं
ब्रेक ऑइल विसरू नका. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की तेच पाणी वाफ होतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. पातळी हळूहळू उतरतेय तर आधी पॅडची जाडी बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच. ३ मिमी राहिले की बदला. पॅड झिजलेले असताना वरपर्यंत भरलंत तर नवे पॅड बसवताना ते उतू जाऊन रंग खातं. एकदम उतरली तर गळती, गाडी हलवू नका.

दोरखंड
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. मंदगती यांच्या प्रतिसादानंतर माझं मत थोडं बदलतो: मागच्या गाडीत सरावाचा चालक हवाच, पण ओढणाऱ्यानेही आधी शंभर मीटर मोकळ्या जागेत सराव करून घ्यावा.

धाग्याच्या शेवटी डिकीत काय ठेवायचं ते ठरवू. माझी यादी: कडी, शिवलेल्या फासांचा पट्टा, दोन शॅकल, जंपर केबल, इशाऱ्याचा त्रिकोण, टॉर्च, हातमोजे. काही राहिलं?

पाना_सतरा
दोन लाकडी ठोकळे, चाकाला लावायला. आणि जॅक सपाट जागीच, फक्त सिलच्या (दारांखालच्या कडेच्या) खालच्या खाचेवर. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. नवं चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळायचे. बहुतेक प्रवासी गाड्यांत १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, पण आपला आकडा पुस्तिकेत बघा. ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासायचे.

मऊ_क्लच
स्टेपनीतली हवा! महिन्यातून एकदा इतर चार टायरांबरोबर, टायर थंड असताना. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नसतो. बारीक स्टेपनी असेल तर तिला सहसा ६० पीएसआय लागतात आणि वेग ८० किमी ताशीच्या आत.

नवखी
स्टेपनी कधीच वापरली नाही तर तीच कायम ठेवायची?

मऊ_क्लच
वयही बघा. टायरच्या भिंतीवर DOT (डॉट) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर कडक होतं. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही नवी दिसली तरी काढून टाका. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच.